राबत्या आईचे लुगडे

इतिहासकारांनी पगडीवर पुष्कळ लिहिले आहे. पुणेरी पगडी कशी, शिंदेशाही कशी, होळकरशाही कशी, कोणत्या दरबारात कोणती चाले, याची वर्णने सापडतात, चित्रे सापडतात. लुगड्याच्या वाट्याला एवढे कौतुक आले नाही. आले तेही पैठणीच्या आणि शालूच्या वाट्याला. चैत्र-वैशाखाच्या उन्हात डोक्यावर पाटी, काखेत तान्हे आणि हातात खुरपे घेऊन जी बाई बांधावरून चालत गेली तिच्या अंगावर काय होते, ते तसेच का होते, आणि पुढे ते का बदलले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

याला एक साधे कारण आहे. पगडी खुंटीवर शिल्लक राहते. राबत्या बाईचे लुगडे शिल्लक राहत नाही. ते विरेपर्यंत नेसायचे. मधला भाग झिजला की तेवढा काढून टाकून दोन तुकडे जोडायचे, म्हणजे दंड घालायचा. मग त्याची दुपटी, लंगोट, झोळी, आणि शेवटी वाकळ. संग्रहालयात ठेवायला हाती काही उरतच नाही. म्हणून हा इतिहास इकडून तिकडून जमवावा लागतो: मागावरून, कायद्याच्या कलमांवरून, जुन्या छायाचित्रांवरून आणि वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यातून.

तो जमवताना कसोटी म्हणून उन्हाळा घ्यावा हे बरे. थंडीत वस्त्राच्या चुका खपून जातात. उन्हाळ्यात, काम करताना, आणि त्यातही कडेवर मूल असताना, वस्त्र खरोखर कोणाच्या सोयीचे आहे हे उघडे पडते.

ओच्याची पिशवी, पदराची छत्री

नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. आज हा आकडा ऐकूनच घाम फुटतो. पण नेसण्याची रीत पाहिली म्हणजे हिशेब कळतो. कासोटा घातल्यामुळे कापड दोन्ही पायांना वेगवेगळे वेढते. बाई उकिडवी बसू शकते, भांगलताना वाकू शकते, भाताच्या चिखलात उतरू शकते, विहिरीच्या पायऱ्या चढू शकते. काम पडेल तसे लुगडे गुडघ्यापर्यंत आवरून घेता येते. खाली परकर नाही, म्हणजे अंगावर दुसरा थर नाही. कापड सुती, त्यामुळे घाम टिपून घेते आणि वारा लागला की गार पडते.

पुढच्या निऱ्यांचा ओचा ही बाईची पिशवी. वेचलेला कापूस, शेंगा, मिरच्या, रानातली भाजी, सगळे त्यात मावे. कनवट हा तिचा खिसा. आणि पदर तर एकटाच दहा कामे करी. उन्हात डोक्यावर घ्यावा, धुळीत नाकातोंडावर बांधावा, पिळा करून घागरीखाली चुंबळ करावी, लेकराचे तोंड पुसावे, चुलीवरचे तापलेले भांडे उतरवावे. पदर खोचणे म्हणजे कामाला सिद्ध होणे, हा वाक्प्रचार भाषेत उगाच आलेला नाही.

चोळीचेही तसेच. जुन्या चोळीची गाठ पुढे असे. गुंडी नाही, आकडा नाही. बांधावर, झाडाच्या सावलीत, पदराच्या आड एका हाताने गाठ सोडून मुलाला पाजता येई आणि पुन्हा कामाला लागता येई. पुढे पाठीमागे आकडे लावलेले पोलके आले ते दिसायला नेटके होते. पण ते शिवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंगावर पिणारे मूल नव्हते, एवढे निश्चित.

आपल्या सीमाभागात या कामाच्या वस्त्राला इरकलीने एक सुंदर रूप दिले. आजच्या बागलकोट जिल्ह्यातले इळकल हे तिचे गाव. आपल्याकडे त्याचे इरकल झाले. या लुगड्याचे अंग सुती आणि पदर रेशमी. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा मागावर एकात एक गुंतवून जोडतात. कन्नडमध्ये या जोडणीला तोपे-तेनी म्हणतात. जिथे कापड कातडीला लागते आणि घाम येतो तिथे सूत; जिथे ते चारचौघांत दिसते तिथे रेशीम. यापेक्षा शहाणी काटकसर कुठली? जवळच्याच गुळेदगुड्ड गावातून चोळीचा खण येई. बेळगावला लागून असलेल्या, पण १९४८ पर्यंत सांगली संस्थानात मोडणाऱ्या शहापुरातही माग चालत, आणि ती परंपरा वडगाव-खासबागेत टिकून राहिली. इकडे विणणारा कन्नड बोलणारा, तिकडे नेसणारी मराठी बोलणारी. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने नकाशावर रेषा ओढली. लुगड्याने ती कधी मानली नाही.

घाटाखाली गोव्यात कुणबी स्त्रियांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे आखूड, जाडसर सुती कापड, आणि पदर सैल न सोडता खांद्यावर गाठ मारून बांधलेला. शेतात वाकले तरी पदर घसरत नाही. दोन्ही हात मोकळे. वेन्डेल रॉड्रिक्स या गोमंतकीय वेशकाराने या वस्त्राला अलीकडे पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली आणि २०१२ मध्ये गोव्याच्या वेशभूषेवर ‘मोडा गोवा’ हा ग्रंथही प्रसिद्ध केला.

हे सारे सांगताना गतकाळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पुष्कळ घरांत अंगावर एक आणि दांडीवर एक अशी दोनच लुगडी असत. कित्येकींच्या नशिबी दांडीवरचेही नसे. मुद्दा एवढाच की या वस्त्राची घडण कामातून झाली होती. नेसणारीच्या गरजेप्रमाणे ते आवळता, सोडता, वर खोचता येत होते.

उंबऱ्याबाहेरचे काम

बाई शिकवायला, रुग्णसेवेला घराबाहेर पडली तेव्हा तिच्या वस्त्रावर कामाखेरीज आणखी एका गोष्टीचा हक्क आला. तो म्हणजे पाहणाऱ्यांच्या नजरेचा. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर सावित्रीबाई फुले शाळेत जाताना त्यांच्यावर शेण-चिखल फेकला जाई, आणि म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर नेत, शाळेत जाऊन बदलत, ही हकिगत सर्वश्रुत आहे. नोकरीच्या वेशाचा आपल्याकडचा इतिहास इथून सुरू होतो असे म्हटले तर चूक होणार नाही. पहिले लुगडे रस्त्यासाठी, दुसरे कामासाठी.

उन्हाळ्याच्या दोन साध्या गरजा, वहाणा आणि छत्री, यांचीही तीच गत. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायांत जोडे घालून, छत्री घेऊन रस्त्यावर निघाल्या तेव्हा त्यांच्यावर दगड पडले, असे स्त्री-साहित्याच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. जोडा आणि छत्री ही पुरुषाच्या मानाची चिन्हे. डांबर नव्हते तेव्हाही मे महिन्याची माती पाय भाजतच होती. पण बाईने अनवाणी चालावे हा रिवाज होता. उन्हापासून बचाव करणे हेसुद्धा एकेकाळी बंड होते, हे आज छत्री उघडताना आपल्या ध्यानात राहत नाही.

गोल पातळाचा हिशेब

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोल पातळ आले. शाळा-कॉलेजांतल्या मुली, मग शिक्षिका, मग कचेरीतल्या बायका पाचवारी नेसू लागल्या. सकच्छ की विकच्छ, या वादाने घराघरांत रुसवेफुगवे झाले. कासोटा सोडणे म्हणजे धर्म सोडणे, असे जुन्यांचे म्हणणे. गोल नेसणे म्हणजे सुधारणा, असे नव्यांचे. दोन्ही बाजूंनी भांडताना कामाचा विचार फारसा कोणी केला नाही.

तो आपण करून पाहू. पाचवारी म्हणजे सुमारे साडेचार मीटर. लुगड्यापेक्षा जवळजवळ निम्मे. १९४३ नंतर कापडावर नियंत्रण आले, कंट्रोलच्या दुकानापुढे रांगा लागल्या, तेव्हा हा फरक गृहिणीला मोठा वाटला असणार. पण गोल नेसायचे तर खाली परकर हवा. त्याला दोन-अडीच मीटर. अंगात ब्लाऊज हवे; त्याला जवळजवळ एक मीटर. बेरीज आठ मीटरच्या आसपास जाते. म्हणजे कापड फारसे वाचले नाही, फक्त एका वस्त्राची तीन वस्त्रे झाली. त्यातला परकर हा आणखी एक थर, आणि त्याची नाडी ही कमरेवरची आणखी एक गाठ.

गमावले ते वेगळेच. पाऊल टाकायची मोकळीक गेली; ओचा गेला, त्याच्या जागी हातात पर्स आली; आणि पदर कामाचा न राहता सावरायचा झाला. मिळाले ते मात्र कमी महत्त्वाचे नव्हते. झटपट नेसता येऊ लागले. धुवायला, वाळवायला हलके झाले. आणि मुख्य म्हणजे ‘बाई शिकलेली आहे, नोकरी करते’ हे पातळाच्या नेसण्यावरूनच लोकांना कळू लागले. ही ओळख त्या पिढीला हवी होती. तिच्यासाठी त्यांनी उकाडा सोसला.

कारखान्याचा कायदा आणि पदर

मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात कामगारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत. कोकणातून, देशावरून आलेल्या या बायका कासोटा घट्ट मारून, पदर कमरेला आवळून उभ्या राहत. गिरणीत बारा महिने उन्हाळाच; सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात तर हवा मुद्दाम दमट ठेवीत.

मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ च्या दुरुस्तीने हा आकडा तीसवर आणला. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईतो त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या दिल्या. आई कामावर आहे, हे कायद्याने मान्य केले.

पण त्याच १९४८ च्या कायद्यात एक कलम वाचण्यासारखे होते. चालू यंत्राजवळ तपासणीचे किंवा तेल घालण्याचे काम प्रशिक्षित प्रौढ पुरुषानेच करावे, त्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, आणि ते कपडे मालकाने पुरवावेत! स्त्रियांना चालू यंत्राच्या साफसफाईची कामे वर्ज्य केली होती. हेतू रक्षणाचाच होता, त्याबद्दल शंका नको. तरी भेद लक्षात घ्यावा. पुरुषाच्या बाबतीत धोका दिसला तेव्हा त्याचे कपडे बदलले. बाईच्या बाबतीत धोका दिसला तेव्हा तिचे काम काढून घेतले. आणि ज्या कामाला हात लावायची बंदी, त्याचे कौशल्य व त्या कौशल्याची मजुरीही तिच्यापासून दूर राहिली.

नायलॉनचा सौदा

१९६० नंतर नायलॉन, टेरिलीन, पॉलिएस्टर घराघरांत आले. सुरतेच्या छापील साड्यांनी कपाटे भरली. उन्हाळ्याच्या दृष्टीने याहून वाईट कापड शोधून सापडणार नाही. कापूस सामान्य हवेत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणून घाम टिपला जाऊन वाळला तरच माणसाला गार वाटते. तो कातडीवरच चिकटून राहिला तर जीव कासावीस होतो.

मग नोकरी करणाऱ्या बायकांनी ही साडी का उचलली? केवळ फॅशन म्हणून, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुती पातळाचा दिनक्रम आठवा. धुणे, पेजेची किंवा साबुदाण्याची खळ करणे, खळ घालून ताणून वाळत टाकणे, ओलसर असताना घडी करणे, इस्त्री करणे. हे सारे रात्री, मुले झोपल्यावर. उलट पॉलिएस्टरची साडी रात्री पिळून टाकावी आणि सकाळी नेसावी. सुरकुती नाही, खळ नाही, इस्त्री नाही. डबे भरून, मुलाचे दप्तर आवरून, सासऱ्यांचे औषध काढून ठेवून आठची बस गाठणाऱ्या बाईला तो अर्धा तास म्हणजे अर्धे आयुष्य वाटे. तिने अंगाचे सुख देऊन वेळ विकत घेतला.

या सौद्याची बोलणी घरात दुसऱ्या कोणाशी झाली नाहीत. इस्त्री कोणी वाटून घेतली असती, खळ घालायला आणखी दोन हात पुढे आले असते, तर किती जणींनी सुती पातळ सोडले असते? ‘सोयीचे कपडे’ या दोन शब्दांत दोन वेगळ्या सोयी दडलेल्या असतात. एक शरीराची, दुसरी वेळेची. राबत्या आईला बहुधा त्यांतली एकच निवडता आली.

चाकाने मानलेला पदर

१९७२ मध्ये पुण्याची लुना रस्त्यावर आली. मग बिनगिअरच्या स्कूटर आल्या. बाई स्वतः गाडी चालवू लागली, मागे बसून तर ती आधीपासूनच जात होती. चाकात पदर अडकून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या मागच्या चाकाला निदान अर्धे झाकील असे संरक्षण सक्तीचे झाले. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात गुंतू नयेत हा त्याचा उद्देश त्यात स्पष्ट लिहिला आहे. यंत्राने वस्त्राशी जुळवून घ्यावे असे सांगणारा असा नियम विरळाच.

तोवर पंजाबी ड्रेसने वाट काढली होती. आधी कॉलेजात, मग बँकेत, मग शाळेत. दोन पाय पुन्हा मोकळे झाले. एका अर्थी कासोट्याने सोडलेली जागा सलवारीने भरून काढली. विरोध झाला तोही ओळखीचाच, फक्त पूर्वी धर्माचे नाव होते, आता शिस्तीचे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या त्यांत शिक्षिकांसाठी साडीबरोबरच सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा यांना जागा आहे. जीन्स आणि टी-शर्टला नाही. कोणते कापड उन्हाळ्यात बरे, वर्गात पंखा आहे का, शिक्षिकांसाठी स्वच्छ मुतारी आहे का, हे प्रश्न मात्र पोशाखाच्या चर्चेत क्वचितच येतात. मुतारी नसली तर बाई दिवसभर पाणी पीत नाही. मग अंगावर मलमल असो की रेशीम, उन्हाळा तिला बाधणारच.

बांधावरचा नवा पोशाख

नव्या काळातले खरे संशोधन शोधायचे असेल तर दुकानात जाऊ नये, उसाच्या फडाकडे जावे. साडी वर खोचलेली, तिच्यावर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला टॉवेल किंवा स्कार्फ घट्ट गुंडाळलेला. पाचटाने हात कापत नाहीत, ऊन लागत नाही, पदर जागचा हलत नाही, आणि सदऱ्याला चक्क खिसा असतो! बांधकामावर, रस्त्याच्या कामावर हाच वेश. हा कोणी शिकवला नाही, कोणी विकला नाही. बेळगाव-निपाणीपासून विदर्भापर्यंत बायकांनी तो आपणच ठरवला.

निपाणीच्या तंबाखू वखारींत हेच पाहायला मिळाले. धुळीने भरलेल्या बंद जागेत तोंडाला पदर बांधून तंबाखू झाडणाऱ्या, चाळणाऱ्या बायका १९८० च्या सुमारास संघटित झाल्या, आणि ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. पदर धूळ अडवतो, पण किती? तोंडाला फडके बांधणे ही बाईची हुशारी. हवा खेळती ठेवणे हे मालकाचे कर्तव्य. पहिलीचे कौतुक करताना दुसऱ्याचा विसर पडला की कौतुकच अन्याय होते.

आणखी एक गोष्ट वाचकभगिनींसाठी. मुंबईचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी तशाच दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. एक घट्ट परकर बांधणारी, दुसरी परकराविना लुगडे आवळून नेसणारी. रोग अत्यंत विरळ आहे, घाबरण्याचे कारण नाही. पण उन्हाळ्यात घामाने ओली झालेली नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी काचत राहिली तर कातडी काळवंडते, सोलते, चिघळते. गाठ सैल ठेवावी, रुंद पट्टीचा परकर वापरावा, जखम भरत नसेल तर दाखवावी. जुने ते सगळे निर्दोष नव्हते, हेही या दोन हकिगतींवरून कळते.

या दीडशे-पावणेदोनशे वर्षांकडे पाहिले की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. जिथे वस्त्र नेसणारीने ठरवले तिथे ते कामाला आले: कासोटा, पुढच्या गाठीची चोळी, खांद्यावरची गाठ, फडातला सदरा. जिथे ते दुसऱ्यांनी ठरवले तिथे तिने कधी घाम, कधी वेळ, कधी मजुरी देऊन त्याची किंमत चुकवली. तेव्हा नोकरी करणाऱ्या आईने उन्हाळ्यात काय घालावे याचे उत्तर या लेखात शोधू नये. ते तिला ठाऊक आहे. तिला ते ठरवू द्यावे, आणि पाणी, सावली, पाळणाघर, मुतारी व इस्त्रीचा अर्धा वाटा यांची सोय बाकीच्यांनी पाहावी.

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरची जुनी वाकळ खाली येईल. टाकून देण्यापूर्वी तिची शिवण एका कोपऱ्यात उसवून पाहावी. वर पॉलिएस्टर असेल, खाली वॉइल, त्याखाली एखादा इरकलीचा काठ, आणि नशीब असेल तर दंड घातलेला जोड. घरात आजी असेल तर तिला विचारावे: हे कोणाचे, कुठून आणलेले, तू पाचवारी केव्हा नेसू लागलीस, तेव्हा घरात कोण काय बोलले? जे सांगेल ते वर्षासकट वहीत लिहून ठेवावे. पगड्यांचा इतिहास लिहायला बखरी होत्या. लुगड्याचा इतिहास अजून तोंडीच आहे, आणि सांगणाऱ्या दरवर्षी कमी होत आहेत.